नादबाबाचं पोकळ व्यासपीठ

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर नादबाबा गरजत होता, "डॉक्टर कान कापतो, मी कान उघडतो!" आणि हजारभर माणसं "उघडतो!" म्हणून री ओढत होती.

त्याच्यासमोर चार वर्षांची मुलगी उभी होती. जन्मबहिरी. तिचे कान मीच तपासले होते. रुग्णालयात माझं कामच ते. कानाशी शिट्टी फुंकली तरी ती ढिम्म. पुढच्या सोमवारी तिच्या कानात यंत्र बसवायची शस्त्रक्रिया ठरली होती.

बाबाने तिचे बूट काढायला लावले. "पवित्र भूमी आहे!" मग तिला पाठमोरी केलं, कानांत फुंकर घातली. मागे चार पावलांवर एका चेल्याने मोठ्या ढोलावर काठी हाणली. मुलगी दचकून वळली. पुन्हा हाणली, पुन्हा वळली. मग ती चक्क तालावर नाचू लागली. लोक वेडे झाले. तिची आई हुंदके देत होती. बाप सुतार, आडदांड गडी; तो बाबाच्या पायांवर आडवा झाला.

"आता हिला सुरी लावायची नाही," बाबा म्हणाला. "लावलीत, तर दिलेला नाद परत घेईन!"

देऊन दोन मिनिटं झाली नाहीत, तोच परत घ्यायची भाषा.

दुसऱ्याच दिवशी सुताराने शस्त्रक्रिया रद्द केली. मी त्याच्या कारखान्यात गेले. त्याने रंधा थांबवला नाही.

"ताई, डोकं खाऊ नका. ऐकते ती."

"घरी हाक मारलीत?"

"मारली."

"वळली?"

रंधा थांबला. "आमची श्रद्धा कमी पडते. बाबा म्हणाले तसं."

"वा! वळली तर बाबाची कृपा, नाही वळली तर तुमचं पाप. अहो, ऐकायला शिकायचं वय निघून चाललंय तिचं. उशिरा यंत्र बसवलं तर आवाज येतील, पण बोलणं नीट उमगणार नाही."

"चालत्या व्हा इथून!"

"जाते. एवढंच सांगा, ते व्यासपीठ कसलं आहे?"

"पातळ फळ्या ठोकल्यात, खाली सगळं पोकळ. असलं काम मी कधी केलं नसतं, पाय ठेवला की सगळं थरथरतं..." दाराकडे दाखवलेलं बोट त्याने हळूच खाली घेतलं.

पुढच्या सभेत तो मुलीला कडेवर घेऊन व्यासपीठावर चढला. मी पायरीशी उभी होते.

"खाली ठेव तिला," बाबा म्हणाला.

"का? नाद कानांत दिलात ना? की पायांत?"

पहिल्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. सुताराने स्वतःच काठी उचलून ढोल बडवला. सभागृह दणाणलं. मुलगी बापाच्या सदऱ्याचं बटण काढायच्या खटपटीत. पुन्हा बडवला. तिने मान वर केली नाही. मग त्याने तिला अनवाणी फळ्यांवर उभं केलं, पाठ ढोलाकडे. काठी पडताच ती गर्रकन वळली.

"हात टेकवून बघा इथे!" सुतार ओरडला. "ढोल याच फळ्यांवर ठेवलाय. लाकूड हादरतं, ते पोरीच्या तळव्यांना कळतं. कान बंदच आहेत तिचे!"

"नास्तिक! बाहेर काढा यांना!" बाबा किंचाळला. आम्हाला धक्के मारून हाकललं गेलं. कोणीतरी माझ्या चष्म्यावर पाय दिला. दहा-बारा माणसांनी फळ्यांना हात लावून पाहिला, बाकीचे अजून "उघडतो!" करत होते.

शस्त्रक्रिया झाली. महिन्याने मी यंत्र सुरू केलं. मुलीचे डोळे विस्फारले, ओठ थरथरले आणि ती रडू लागली. ते रडणं तिलाच ऐकू आलं. ती घाबरून थांबली. मग पारखून बघावं तसं पुन्हा हळूच एकदा रडली. सुतार भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

गाणं तिला मुळीच आवडलं नाही. कित्येक महिने गाणं म्हणजे तिच्यासाठी नुसता कलकलाट होता. रोज सराव, रोज रडारड. एके सकाळी आई तिची वेणी घालताना गुणगुणत होती. पोरीने वळून आईच्या ओठांवर बोट ठेवलं, कान देऊन ऐकलं आणि स्वतः एक सूर लावला. पार बेसूर. आईने वेणी अर्धीच सोडली.

यात कुणाचीही कृपा नाही. माणसांनी शोधलेलं यंत्र, आई-बापांचे कष्ट आणि एका मुलीची चिकाटी, एवढंच. बाबा आता दुसऱ्या गावात कान उघडतोय. तुमच्या गावात आला तर त्याला तपासून बघा. जो तपासू देत नाही, त्याच्या हाती पोर देऊ नका.