यशवंतबाबांचा अर्धा पेला

सत्यवतीने बशीत गुळाचे खडे मांडले, फिल्टरच्या तोटीखाली दोन पेले भरले आणि पदराने त्यांच्या कडा पुसून ती बंगल्याच्या पडवीत आली.

खाणीचे मॅनेजर यशवंतबाब पणजीच्या कमलबाईंना वाडीच्या विहिरीचं माहात्म्य ऐकवत होते. बाई सरकारी प्रयोगशाळेतल्या, त्याच विहिरीचं पाणी तपासायला आलेल्या. त्यांना इथवर आणायला वाडीला वर्ष लागलं होतं. त्यातले सहा महिने अर्ज कोंकणीत लिहावा की मराठीत, या भांडणातच गेले. तेवढ्यात गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, मिठाई वाटली गेली, पण खनिजाच्या ढिगाऱ्यातून विहिरीत पाझरायचं ते पाझरतच राहिलं.

"पाणी म्हणजे तीर्थ हो," यशवंतबाब सांगत होते. "लोकांना निमित्त हवं. तो भिकाजी घ्या. हुर्राक ढोसतो, हात थरथरतात, बायकोला शिव्या घालतो, मग रडत बसतो. आणि नाव पाण्याचं!"

भिकाजी म्हणजे सत्यवतीचा नवरा. सिंधुदुर्गातून खाणीवर आला तेव्हा त्याने चिखलात रुतलेला ट्रक खांद्याने वर काढला होता, आणि आत झोपलेल्या ड्रायव्हरची झोपही मोडली नव्हती. हुर्राकाच्या नुसत्या वासाने त्याला शिंका येत. आता शेहेचाळिसाव्या वर्षी परका माणूस त्याला सत्तरीचा समजे. चेहरा गिलावा केल्यासारखा, शर्टाची गुंडी लावायलाही बायको लागे.

यशवंतबाबांच्या बंगल्यावर मात्र रोज जीपने कारापूरच्या झरीचं पाणी यायचं. ते फिल्टरात ओतायचं काम सत्यवतीचं.

तिने गूळपाणी पुढे केलं. यशवंतबाबांनी खडा तोंडात टाकला आणि अर्धा पेला घटाघटा रिकामा केला. बाईंनी आपला पेला उचललाच होता.

"पाणी गोड लागला मा, बाब?" सत्यवतीने विचारलं.

"लागणारच. का गो?"

"बावीतला आसा. आपल्या वाडीच्या."

विहिरीचं नाव ऐकताच यशवंतबाबांची दाढ गुळावर थांबली. बाईंनी पेला खाली ठेवला.

"तीन वर्सां मी तुमच्या फिल्टरात तांच ओततंय. झरीचा जाता तुमच्या गुलाबांका. माझो घोव पिता तां पाणी तुमी पिल्यार काय झाला? तीर्थच मा?"

यशवंतबाबांनी आधी पेल्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. बोटं नीट होती. ती त्यांनी डोळ्यांजवळ नेली, तेव्हा थोडी हलली.

"रांडे!" ते ओरडले आणि अंगणात जाऊन त्यांनी घशात बोट घातलं. गूळ आला, सकाळचे पाव आले, पण भीती काही बाहेर पडेना. "गेल्या महिन्यापासून माझी सही वाकडी येते! झोप नाही, घरात सगळ्यांवर खेकसतो! मला भिकाजी करायला निघालीस?"

कमलबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"भिकाजीला काय झालंय, यशवंतबाब?"

"पाण्यातलं मॅंगनीज, बाई! मेंदूत जाऊन बसतं ते. डॉक्टरनं दोन वर्षांमागे लिहून दिलंय मला!"

आपण काय बोललो ते त्यांना कळायला थोडा वेळ लागला. तोवर बाईंनी ते लिहूनही घेतलं होतं.

"तो कागद कुठे आहे?"

यशवंतबाब पायरीवर बसले. कंपनी, नोकरी, बंगला, सगळं एकदा डोळ्यांपुढून गेलं असावं. मग त्यांची नजर पुन्हा बोटांवर गेली आणि त्यांनी कमरेची किल्ली सोडून दिली.

"कपाटात. वरच्या खणात. पण माझं रक्त तेवढं आजच तपासा, बाई."

कागद पिशवीत घालून निघताना कमलबाई स्वयंपाकघराच्या दाराशी थबकल्या. सत्यवती यशवंतबाबांचा उष्टा पेला मोरीत ओतत होती. मग तिने फिल्टरखाली स्वतःचा गडवा धरला, काठोकाठ भरला आणि अर्धा तिथेच उभ्याने प्यायली. उरलेल्यावर झाकण बसवलं.

"हे कुणाला?"

"घोवाक."

बाईंनी गडव्याकडे पाहिलं, फिल्टरकडे पाहिलं. पायरीवरून यशवंतबाब मोठमोठ्याने बोटं मोजत होते. दहा व्हायची, की पुन्हा पहिल्यापासून.

"म्हणजे झरीचंच पाणी..." बाई हळूच म्हणाल्या. "तीन वर्षं तेच? अगं, त्यांना सांगायला हवं."

"सांगतलंय मा, पण आज नाय," सत्यवती गडवा कडेवर घेत म्हणाली. "माझ्या घोवाचो हात थरथरायचो थांबलो की सांगतलंय."