नवसाचा कोंबडा

"हे पाह्य वाघोबा, आता तूच सांग. देवानं असं करावं काय?"

नीलाबाई कमरेवर टोपला टेकवून जंगलाच्या वाटेवरच्या वाघोबाच्या, म्हणजे वाघदेवाच्या, दगडापुढं उभी होती. नवसाला तीन वर्षं झाली होती. 'माह्या मोहाच्या झाडाले अन्नपूर्णेच्या झाडाहून जास्ती फुलं दे, कोंबडा तुहाच.' कोंबडा घरी होता, देवाच्या नावानं पाळलेला. वाघोबा ऐकत नव्हता, म्हणून कोंबडा जगत होता. आता तो म्हातारा झाला होता आणि आरवताना खोकत होता.

अन्नपूर्णा तिची धाकटी जाऊ. घरं वेगळी झाली तेव्हा ज्यांची फुलं वेचून विकायची ते जंगलातले दोन मोहही वाटले गेले. थोरली म्हणून आधी निवड नीलाबाईची. तिनं घेरदार, मोठं झाड घेतलं, खुरटं धाकटीला दिलं. आता चैत्रात खुरट्या झाडाखाली फुलांचा सडा पडायचा आणि मोठ्याखाली पाचोळा. आपल्याच हातानं निवडलेलं झाड आपल्यालाच फसवतं, हे नीलाबाईच्या पोटात रोज नव्यानं जळायचं.

मागून अन्नपूर्णा आली. पळसाची डहाळी मोडून तिनं दगडावर वाहिली, हात जोडले आणि निघाली.

"काय मांगतलं वो?" नीलाबाईनं विचारलं.

"काई नाई. आली म्हणून सांगतलं."

"रोज येतेस न् काईच नाई मांगत?"

"जंगल त्याचं हाये, बाई. त्याच्या घरात जाऊन राह्यलो, त आवाज नोको का द्याले?"

हे ऐकून नीलाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. न मागता हिचा टोपला भरतो, आणि मी कोंबडा पाळून बसले! तिनं जावेला पुढं जाऊ दिलं, दगडापाशी वाकली आणि पुटपुटली, "माहं झाड राहू दे. हिचं तोंड मोहाखाली दिसू देऊ नोको, एवढं कर. कोंबडा तुहाच."

दुसऱ्या दिवशी ती तांबडं फुटायच्या आधीच निघाली, एकटी. एरवी दोघी मिळून जायच्या, डबा वाजवत, मोठ्यानं बोलत, कारण मोहाच्या दिवसांत वाघ जवळपास असतोच. पण आज डबा वाजवून कसं चालेल? अन्नपूर्णेच्या झाडाखाली जायचं होतं. वाघोबापाशी डहाळी मोडायला हात उचलला, पण चोरीला जाताना डहाळी कशी वाहायची, म्हणून मान खाली घालून ती पुढं गेली.

फुलं टपटप पडत होती. टोपला अर्धा झाला तेव्हा वानरं खेकसली. नीलाबाईनं मान वर केली. तीसेक पावलांवर, वाटेच्या कडेला, रायमुनियाच्या झुडपात वाघ दबून बसला होता. त्याची पाठ तिच्याकडं होती, तोंड वाटेकडं.

आणि वाटेनं डबा वाजत आला. "बाई वोऽऽ! कुठी हायेस? दारावर हाका मारमारून थकली मी!"

अन्नपूर्णा एकटीच येत होती. नीलाबाई तिला टाकून आल्यामुळं एकटी.

नीलाबाई गप्प राहिली असती तर वाघाला कळलंही नसतं ती तिथं आहे ते. कालचं मागणं जसंच्या तसं पुरं होत होतं. असं नव्हतं मांगतलं मी, तिला वाटलं, आणि लगेच वाटलं, असंच मांगतलं होतं.

"अन्नपूर्णेऽऽ! मांगं फीर! वाघ हाये वोऽऽ!"

वाघ वळला. त्यानं नीलाबाईकडं पाहिलं.

तिला कोंबडा आठवला नाही, नवस आठवला नाही. जीव वाचव म्हणायचंही सुचलं नाही. एवढं मोठं, एवढं देखणं काही तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिचे हात आपोआप जुळले. भीती होतीच, पण भीतीहून मोठं काहीतरी छातीत दाटलं होतं. वाघ उठला, निवांत चालत नाल्यात उतरला आणि दिसेनासा झाला.

अन्नपूर्णा पळाली नव्हती. वाटेवर उभी राहून जिवाच्या आकांतानं डबा बडवत होती. वाघ गेला तशी ती धावत आली आणि तिची नजर टोपल्यावर गेली.

"तुह्याच झाडाचे फुलं हायेत," नीलाबाई म्हणाली. "चोरून राह्यली होती मी."

अन्नपूर्णा भडकली. "फुलं गेले चुलीत! मले टाकून एकटी आलीस? तुले काई झालं असतं त? फुलं मांगतले असते त मी देले नसते काय?"

नीलाबाई तिथंच बसून रडली.

दुसऱ्या सकाळी ती कोंबडा काखेत घेऊन अन्नपूर्णेच्या दारात उभी. दोघी मिळून निघाल्या. वाघोबापाशी नीलाबाईनं डहाळी वाहिली, कोंबड्याचे बांधलेले पाय सोडले आणि त्याला दगडापुढं ठेवलं.

"तुह्या मोहाले फुलं आले काय वो?" अन्नपूर्णेनं विचारलं.

"नाई."

"मंग नवस कायचा फेडून राह्यलीस?"

"नवस नाई फेडून राह्यली. त्याचा कोंबडा हाये, त्याले देऊन राह्यली."

"न् मांगतलं काय?"

"काई नाई. आली म्हणून सांगतलं."

दोघी डबा वाजवत पुढं निघाल्या. वळणावरून अन्नपूर्णेचा मोह दिसला. खाली फिकट पिवळा, दाट सडा. नीलाबाईचा जुना हेवा पुन्हा जागा झालाच.

"थांब वो जराशी," ती म्हणाली. मागं फिरली आणि वाघोबाला आणखी एक डहाळी वाहून आली.