एकशे एकोणीस

आपिया शहरातल्या वजन उचलण्याच्या स्पर्धेत, हॉलच्या एका कोपऱ्यात लानुओलाने पाठ फिरवून पायाला पट्टी आवळली. पलीकडच्या बाकावर पेटेलोमामा बसला होता. लहानपणापासून त्यानेच तिला वजन उचलायला शिकवलं, आणि त्याला न विचारता लग्न केलं म्हणून त्यानेच दारातून हाकललं. आज तो आपली लेक वाइमोआना हिचा प्रशिक्षक म्हणून आला होता.

"नवऱ्याने तारोचे कंद खाऊ घालून घालून जड केली की गं तुला!" वाइमोआना हसली.

"तुझ्या बापाला विचार, मी किती जड पडते ते."

दोघींची एकेकच उचल उरली होती. वाइमोआना पुढे होती. जिंकायला लानुओलाला एकशे सतरा किलो हवे होते. तेवढे तिने सरावात दोनदा उचलले होते. तिची प्रशिक्षक इआनेताताई, तिने लानुओलाच्या नावावर तोच आकडा लावला. वाइमोआनाचा आकडा एकशे पंधरा, म्हणजे कमी वजनवाली म्हणून आधी तिची पाळी.

तेवढ्यात मामाने लेकीचा आकडा एकशे अठरावर नेला. आता कमी वजनवाली लानुओला झाली. तिचं नाव पुकारलं गेलं, आणि आधीच्या उचलीचा दम अजून बसला नव्हता.

"मला दमवायला बघतोय!"

"दमवू दे. उचल आणि मोकळी हो," ताई म्हणाली. "बारवरचं वजन कमी करता येत नाही. तुझी उचल झाली की त्या पोरीला एकशे सतराच्या खाली येता येणार नाही. तेवढं ती बापजन्मात उचलायची नाही."

पलीकडून मामाने आवाज दिला, "घाबरलीस का गं, घरबुडवे?"

लानुओलाच्या कानशिलात घण बसले. "एकशे एकोणीस लाव, ताई. आधी तिलाच जाऊ दे. सगळ्यांसमोर तोंडघशी पडू दे."

"अगं, आकडा दोनदाच बदलता येतो, आपले बदल संपतील! मग खाली येता येणार नाही!"

"लाव म्हणते ना!"

ताईने दात आवळून आकडा लावला.

वाइमोआना गेली. तिने बार गुडघ्यापर्यंत आणला, धाडकन सोडून दिला आणि हसत उतरली. तिला उचलायची गरजच नव्हती. ती पुढेच होती.

मग लानुओला. बार खांद्यावर आला. डोक्यावर गेलाही, पण डावं कोपर वाकलं. पंचांचे तीन लाल दिवे लागले: उचल बाद.

ती खाली उतरत असताना मामा आडवा आला. "एकशे सतरा तू उचललं असतंस," तो शांतपणे म्हणाला. "ते मला ठाऊक होतं. पण तुझा राग माझ्या त्याहून जुन्या ओळखीचा."

ती थुंकली. त्याच्या पायाशी.

ताई पिशवी भरत होती. तिने मान वर केली नाही. "बसने जा तुझी तू," एवढंच म्हणाली.