पाहुण्यांच्या गळ्यातली माळ

मौमेरे या बंदराच्या गावात तरुणांसाठी कुठलंही शिबिर असो, बोनाव्हेंतुरा तिथे हजर. नेतृत्वाचं असो, किनारा वाचवण्याचं असो. जेवण चांगलं आणि टी-शर्ट फुकट, एवढं त्याला पुरे. त्याच्या घरी फरशी पुसायचं फडकंसुद्धा 'उद्याचे नेते' असं छापलेलं होतं.

या वेळचं शिबिर शाश्वत विकासाचं. सेवेरिनस सर माइक हातात घेऊन रोज सांगायचे, "काहीतरी नवं सुचवा! डोळ्यांसमोरचा प्रश्न उचला!" आणि समोरची मंडळी प्लास्टिकच्या सीलबंद पेल्यातलं पाणी नळीने ओढत माना डोलवायची. दोन घोट झाले की पेला खुर्चीखाली.

बोनाच्या गटात युस्टिना होती. मच्छीमाराची मुलगी, जीभ भलती तिखट.

"डोळ्यांसमोरचं सोड, पायाखालचं बघ," एक पेला लाथाडत ती म्हणाली.

बोनाने वाकून पाहिलं. "हे सांगितलं तर सर भडकतील गं. पाणी त्यांच्या मेहुणीच्या दुकानातून येतं."

"म्हणून सांगायचं नाही. दाखवायचं."

मग रोज जेवणाची सुट्टी झाली की दोघं पोतं घेऊन खुर्च्यांखाली शिरायची.

"काय चाललंय रे?" स्वयंपाकाच्या मावशींनी विचारलं.

"नेतृत्व, मावशी," बोना खुर्चीखालूनच म्हणाला.

समारोपाला जिल्ह्याचे साहेब आले. ढोल वाजले, रीतीप्रमाणे त्यांच्या खांद्यांवर हातमागाची शाल पडली. लगेच युस्टिना आणि बोना पुढे झाले आणि त्यांनी साहेबांच्या गळ्यात माळ घातली. रिकाम्या पेल्यांची. माळ गळ्यातून पोटावर आली, पोटावरून जमिनीवर, आणि तरी तिचं शेपूट दाराबाहेरच होतं.

सेवेरिनस सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या गटाचं काम, साहेब." बोनाने माळ सारखी केली.

"नुसतं आमचं नाही हं," युस्टिना म्हणाली. "सगळ्या शिबिराचं. इतक्या दिवसांत आम्ही एवढंच तयार केलंय."

हसायची कुणाची छाती होईना. साहेबांच्या हातातही एक पेला होता, अर्धा प्यायलेला. तो कुठे लपवावा हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी उरलेलं पाणी गटकन संपवलं आणि पेला युस्टिनापुढे धरला. "घे, हा ओवायचा राहिला."

तेव्हा कुठे हॉलमध्ये हशा पिकला. सरही हसले, पण जरा उशिराने. मेहुणी पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती.

सरांनी उट्टं काढलंच. पुढच्या शिबिरात ज्याने त्याने आपापली बाटली आणायची ठरली, आणि पाणी उकळून थंड करायचं काम दिलं बोनाला. तो पहाटेपासून चुलीपाशी, डोळे धुराने लाल. आत माइक युस्टिनाच्या हातात.

दुपारी ती दारात आली. "अहो नेते, पाणी संपलं!"

"उकळू तर दे, बाई!" बोना फुंकणी आपटत ओरडला. आत मासे वाढायला सुरुवात झाली होती.