माझ्या पोटातला हूक

मित्रांनो, मी एका जुन्या विमानाचं नाक आहे. फक्त नाक. माझ्या मागच्या बाजूला तुम्हाला प्लायवूडची भिंत दिसेल. तिथून पुढे माझं पोट होतं, पंख होते, शेपूट होती. आता भिंतीपलीकडे म्युझियमचं कॅफे आहे.

माझा जन्म इटलीतला. तीन इंजिनं, लाकडी पंख आणि पोटात बॉम्ब टांगायचे पोलादी हूक. माझं फार कौतुक झालं आणि मीही फुशारून गेलो. मग मला आफ्रिकेत नेलं. खाली गवताची छपरं असत, गुरं असत. हूक सुटले की मी हलका व्हायचो आणि खाली धूर उठायचा. तेव्हा मला हलकं वाटायचं, हे मला आजही सहन होत नाही.

पुढे माझ्याहून वेगवान विमानं आली. मग माझ्या पोटात फळ्या ठोकून मला सैनिकांची ने-आण करायला लावलं. हरायचे दिवस आले तेव्हा अंगावर रेड क्रॉस रंगवला आणि त्याच हुकांना पट्टे बांधून स्ट्रेचर टांगले. त्यावरची पोरसवदा मुलं आईला हाका मारत. काही जण उतरण्याआधीच गप्प झालेले असत. शेवटी इंग्रजांनी मला पकडलं, जहाजातून इकडे आणलं आणि ब्रिस्टलजवळच्या एका शेडमध्ये टाकून दिलं.

गेल्या वर्षी ती शेड रिकामी करायची ठरली. म्युझियमच्या नव्या हॉलमध्ये माझ्या एकाच तुकड्यापुरती जागा होती. कमिटीला नाक हवं होतं, कारण मुलांना पायलटच्या सीटवर बसायला आवडतं. माझी डागडुजी करणाऱ्या दोघांना मात्र पोट वाचवायचं होतं. त्यातली मालविका पुण्याची, ब्रिस्टलमध्ये इंजिनिअर. दुसरे पुरुषोत्तमकाका, नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलमधून रिटायर झालेले नर्स.

"काका, फळ्या काढून बॉम्बची जागा दाखवू या. लोकांना कळू दे, honestly."

"आणि स्ट्रेचर? मी आयुष्यभर पेशंट उचललेत गं. ते कसं वगळायचं?"

"वगळायचं नाहीच. हूक तेच आहेत ना? दोन्ही दाखवू."

कमिटीने ऐकलं नाही. मीटिंगमधून बाहेर आल्यावर काका एवढंच म्हणाले, "We lost the vote. तो पाना दे. निदान एक हूक तरी काढून ठेवू."

मग मला कापलं. माझं पोट स्किपमध्ये, म्हणजे भंगाराच्या मोठ्या लोखंडी पेटीत गेलं. लॉरी दिसेनाशी होईपर्यंत काका भुरभुर पावसात उभे होते.

तो हूक मालविकाने प्लायवूडवर बसवला. त्याखाली माहितीची पाटी लावायला कमिटीने परवानगी दिली नाही. आता शाळांच्या ट्रिप येतात आणि मुलं त्याला बॅगा अडकवतात.

परवा काकांची नात मायरा आली. बॅग हुकाला लावून ती सीटवर चढली.

"आजोबा, बघा, मी bombs टाकते. Everybody's dead," ती हसत म्हणाली.

काका तिला हुकाबद्दल सांगायला पुढे झाले. त्यांनी हुकावरची बॅग काढली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे राहिले.

"आजोबा, राहू द्या ना तिथे. का काढली?"

मित्रांनो, तुम्ही खुशाल बॅगा अडकवा. मला ओझ्याची सवय आहे. फक्त जाताना मायरासारखं एकदा ‘का?’ म्हणून विचारा, आणि सांगणारा गप्प झाला तरी त्याच्याजवळ थोडं थांबा.