मागचं दार

मायला नवं घर दाखवायला नेलं, तिथंच माझं चुकलं.

स्टेशनच्या मागं, रुळांना लागून, आम्हा कारखान्यातल्या कामगारांच्या सोसायटीची इमारत उभी राहत होती. भाड्याच्या पत्र्याच्या खोलीतून आम्ही दुसऱ्या मजल्यावर जाणार होतो. दोन खोल्या, आत नळ, भिंतींना चुना. आशा, माझी बायको, दारातच हरखली. माय मात्र चपला हातात घेऊन भिंती चाचपत फिरली आणि म्हणाली, "मागचं दार कुठंय?"

"माय, दुसरा मजला हाय. मागं दार काढलं तर थेट मनमाडच्या गाडीवर पडशील."

"मग मी नाय येत. तुमी ऱ्हावा तिथं."

झालं. तेव्हापासून रोज तेच. भांडी घासायला परसदार हवं असेल म्हणून मी मोरी दाखवली. कोंबड्या पाळायच्या असतील म्हणून गच्ची दाखवली. इमारतीचं काम बघणारा त्रिंबक मिस्त्री हसून म्हणाला, "आजी, पुढच्या दारानं काय पाप केलं?" माय तोंड फिरवून जिना उतरली. ताबा घ्यायची तारीख तोंडावर आलेली आणि ही बाई पत्र्याखाली एकटी राहायला तयार. वर आशाचं टुमणं, "आत्याबाईंना टाकून मी जाणार नाय." एका घरात दोन-दोन सत्याग्रह. माझं डोकं फिरायची वेळ आली.

एका रविवारी मी ओरडलोच. "लोक घरासाठी तरसत्यात, आन् तुला एका दारापायी घर नको? हे शहर हाय. इथं काय होतंय?"

माय तांदूळ निवडत होती. "तुझा बापबी असंच म्हणला व्हता. गाव आपलंच हाय, काय होतंय."

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला, त्या अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात गावाकडं आमची घरं जाळली होती. मी तेव्हा इथं शहरात आयटीआयला होतो. बाप त्यातच गेला. त्यापुढचं मायनं कधी सांगितलं नाही.

"म्होरच्या दारात माणसं व्हती," ती सुपाकडं बघत म्हणाली. "तुझा बाप त्यान्ला हात जोडीत ऱ्हायला. तुझ्या भनीला घिऊन मी मागनं निघाले. मागं दार व्हतं म्हणून."

मला तिचा राग आला, खरंच आला. इतकी वर्षं गप्प बसून हे आत्ता सांगते? मग तिच्या पुढ्यात बसून मीबी तांदूळ निवडायला लागलो.

दुसऱ्या दिवसापासून माझी पायपीट सुरू. तळमजला कुणालाच नको होता, त्यामुळं अदलाबदल चुटकीसरशी झाली. पण मागची भिंत फोडायची म्हटल्यावर सोसायटीचे सचिव काकासाहेब नियम सांगायला लागले. "मागं रेल्वेची हद्द आहे, सर्जेराव. दार काढून जाणार कुठं?"

"जिथं जाता येईल तिथं," मी म्हणालो. महिनाभर त्यांचं डोकं खाल्लं, तेव्हा कंटाळून हो म्हणाले.

राहायला गेलो त्या दिवशी सामान लावायचं सोडून माय माझ्या दोन्ही पोरींना घेऊन मागच्या दाराशी उभी. "डोळे मिटायचे. कडी काढायची. पळायचं." पोरींना तो खेळच वाटला. थोरली कडी काढून रेल्वेच्या कुंपणापर्यंत पळत गेली. धाकटी टाचा उंचावून थकली, तिचा हात काही पुरेना.

मी त्रिंबक मिस्त्रीला परत बोलावलं. तो वैतागला, "आता काय राह्यलं, भाऊ?"

"कडी," मी म्हणालो. "वीतभर खाली घ्या."