तोंडावरचा हात

“हात काढ गो तोंडावरचा,” असं म्हणत भागीरथीने पारूचं मनगट धरलं आणि हात स्वतःच खाली ओढला.

ओसरीवर पारूला बघायचा कार्यक्रम चालला होता. पोरगी नुसती हसली होती, आणि तेही भागीरथीनेच हसवलं म्हणून. ‘भात करपवतेस का बोलण्याच्या नादात?’ असं काहीतरी तिने विचारलं, पोरीला हसू फुटलं आणि फुटल्याबरोबर पंजा तोंडावर गेला. भागीरथी तीन मुलींची लग्नं करून बसलेली बाई. झाकलेल्या मालात खोट असते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने वाकून नीट पाहिलं.

“अगो, दात तर कसे कोळंबाच्या तांदळावाणी! मग झाकतेस कशाला?”

पारू लाजून दाराकडे, आईकडे बघू लागली.

महादूचा जीव भांड्यात पडला. त्याचा मुलगा नामदेव शहापुरात भाताच्या गिरणीवर कामाला होता. भात घेऊन येणारी ही पोरगी तिथेच त्याच्या मनात भरली, आणि मग घरात त्याने एकच धोशा लावला, करीन तर तीच. चांगली चांगली स्थळं त्याने परतवून लावली. शेवटी महादू थोरल्या बहिणीला, भागीरथीला, घेऊन निघाला. सिद्धगडाखालच्या वाडीतून मुरबाड, तिथून यष्टीने कल्याण, मग गाडीने आसनगाव आणि पुढे पायी. आलेलं सार्थकी लागलं असं त्याला वाटत होतं. घर खातंपितं होतं, पोरीचा बाप देवजी सरळ माणूस होता. आता फक्त हो म्हणायचं बाकी होतं.

“आयशीची सवय लागलेय तिला,” देवजी म्हणाला. “हिचं बघून बघून शिकली. दोघी एकदम हसल्या की मला वाटतं, घरात पडसं आलंय.”

दाराला टेकून उभी असलेली ताराबाई हसली, पदर तोंडावर धरूनच. महादूने तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. होणाऱ्या विहिणीकडे टक लावून बघायची रीत नाही. पाणी आलं, चहा आला, प्रत्येक वेळी पदराआडचे दोन डोळे तेवढे दिसले.

“नि तुमी का झाकता?” भागीरथीने विचारलं. गप्प बसणं तिच्या पत्रिकेतच नव्हतं.

“माझे झाकण्यासारखेच हायत, बाई. पण आधी मी झाकत नव्हती. एकानं झाकायला लावले.” ताराबाई अगदी सहज बोलत होती. “माहेरी, मुरबाडच्या अंगाला, तवा माझं नाव हिरी होतं. एक पावणा बघायला आलता. मला कुठला दम! माझ्या मैत्रिणीनं कानात कायतरी सांगितलं, मी हसत हसत दारातून डोकावली. तसा तो सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलला...”

महादूच्या हातातली बशी ओठांपाशी थांबली.

“बोलला, पोरगी अजून दाराआड, नि दात आले ओसरीवर!”

देवजी मांडीवर थाप मारून हसला. “मी म्हणतो, भलं झालं त्याचं. नायतर मला कुठं मिळाली असती ही?”

भागीरथीही हसायला लागली आणि अर्ध्यावरच थांबली. तिने हळूच भावाकडे पाहिलं.

तिला माहीत नसेल तर कुणाला? वाडीतल्या लहान पोरालाही ते वाक्य पाठ होतं. महादूची जीभ म्हणजे वाडीची करमणूक. लग्न असो, बारसं असो, मांडवात चार माणसं बसली की कुणीतरी म्हणणारच, “महादू, तो दातांचा सांग.” आणि महादू सांगायचा. दर वेळी थोडं मीठमसाला लावून, त्या मुलीच्या डोकावण्याची नक्कल करून सांगायचा. पुढे पुढे तर वाडीत ती म्हणच पडली. नवरदेवाआधी वाजंत्री पोचली तरी लोक म्हणायचे, दात आले ओसरीवर. महादूला देखणी बायको मिळाली, संसारही चांगला झाला. तिने तो किस्सा पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती हसली नव्हती. तिने एवढंच विचारलं होतं, “तिनं ऐकलं का हो?” महादूने तेव्हा विषय बदलला होता.

हिरीने ऐकलं होतं तर.

“मग गावातली पोरं मला ओसरी म्हणायला लागली,” ताराबाई सांगत होती. “पाण्याला गेली की मागून ओरडायची, ओसरी आली, ओसरी आली! पहिल्यांदा मी बी हसायची त्यांच्यासंगं. मग कळलं, हसली की जास्तीच ओरडतात. तवा पदर धरला, तो धरलाच.” ती थांबली. “पावणं, चहा थंड होतोय तुमचा.”

“हो, हो,” महादू म्हणाला.

आता बोलायला हवं होतं. तो पावणा मी, एवढंच. दुसरं काही नाही. पण देवजीने तोंड फिरवलं तर? गिरणीतून रजा काढून आलेला नामदेव घरी दाराकडे डोळे लावून बसला असेल, त्याला काय सांगायचं? आणि न बोलावं तरी सुटका कुठे होती? पारू वाडीत नांदायला आली की पहिल्याच सणाला कुणीतरी तिच्यासमोर ती म्हण टाकणार, आणि तिला कळणार की आपल्या आईचं हसू सासऱ्याने खाल्लं.  नको तिथे वळवळणारी महादूची जीभ टाळूला चिकटून बसली.

“माणसं काय, बोलतात कायबाय,” तो शेवटी म्हणाला. आणि वर हसलासुद्धा.

ताराबाईने त्याच्याकडे सरळ पाहिलं. मग रिकाम्या बश्या गोळा करून ती आत गेली.

निघायची वेळ झाली. देवजी भागीरथीला वाल दाखवायला पुढे शेतात घेऊन गेला. महादू वहाणा चढवून अंगण ओलांडतो तोच मागून ताराबाई आली. तिच्या हातात शेंगांचं गाठोडं होतं.

“विहिणीला द्या,” ती म्हणाली. मग गाठोडं त्याच्या हातात देऊन तिथेच उभी राहिली. “ओसरीवर पाणी मागितलंत ना, तवाच मी आवाज वळखला.”

महादूने चमकून वर पाहिलं.

“तोंड काय धड दिसलं नव्हतं तवा. पण आवाज कसा विसरंल? इतकी वर्षं कानात घेऊन फिरते.”

“मग बोललीस का नाय?” तुमी म्हणायचंही त्याच्या लक्षात राहिलं नाही.

“तुमी बोलाल म्हणून तर गोष्ट काढली. मनात म्हटलं, बोलला तर त्या घरात पोर द्यायला भ्या नाय. किती थांबली मी.”

महादूने मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःची किळस आली. मघाशी आपण हसलो, हे त्याला सगळ्यात जास्त लागलं.

“मग आता?” त्याने विचारलं. “माझ्यापायी पोराला शिक्षा नको.”

“पोर देते मी. तुमच्याकडं बघून नाय. तुमच्या नामदेवाला मी गिरणीत बघितलाय. एका म्हातारीची पाटी घसरली, भात सगळं सांडलं, तशी झाडून सगळी हसली. हा खाली बसून तिच्यासंगं भात भरत होता.” तिच्या डोळ्यांत काहीतरी मिश्कील चमकलं. “बरं झालं, तुमच्यावर नाय गेला.”

“नाय गेला,” महादू म्हणाला.

“पण एक करा. पारूला तुमच्या घरात मोकळं हसता आलं पायजे. कोण काय बोललं तरी. तेवढं तुमी बघायचं.”

“बघीन. देवाची आण...”

“आण नको. बघा म्हणजे झालं.”

शेतातून भागीरथीने हाक मारली. गाडीची वेळ होत आली होती. महादू दोन पावलं गेला आणि परत फिरला. जे त्याने मांडवात कधी सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही, ते आता त्याच्या तोंडून बाहेर पडायला लागलं.

“त्या दिवशी गावात शिरताना विहिरीवर कोण तरी हसत होतं. एकदम मोकळं. मी वाटेतच थांबलो. संगं आलेल्या मामाला बोललो, मामा, ही हसणारी कोणाची पोर हाय ते आधी विचारा. दुसरीकडं जायचं कामच नाय. मग तुमी दारातून डोकावलात, तशाच हसत. मला कळलं, तीच ही. पण मामा नि सगळी दातांकडं बघत होती. मला वाटलं, हो बोललो तर हसतील मला. म्हणून त्यांच्या आधी मीच...”



 ताराबाईने पदर मुठीत गोळा केला.

“हे तवाच बोलायचं होतं,” ती म्हणाली, आणि घराकडे वळली.